क्रोशाच्या पोटातली दोरी

(बी. एस्सी., द्वितीय वर्ष)

'सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही' ही म्हण आपण एखाद्या हेकट माणसाला उद्देशून वापरतो. पण ज्याने ती पहिल्यांदा उच्चारली त्याने जळालेला सुंभ नीट पाहिलेला असणार. काथ्याची राख होते, तरी राखेवर पिळाचे वळसे जसेच्या तसे उमटलेले दिसतात. मला आज या अंकात लिहायचे आहे ते या पिळाविषयी. माणसाच्या नव्हे, दोरीच्या. आणि त्या दोरीभोवती क्रोशाचे टाके घालून घरात रोज राबणाऱ्या वस्तू कशा करता येतात, याविषयी.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थिनीने क्रोशावर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु या कामात भूमिती आहे, थोडे पदार्थविज्ञान आहे आणि शेवटी एक साधा हिशेबही आहे. तो हिशेब मांडावा म्हणूनच मी लेखणी हाती घेतली.

क्रोशा म्हटला की आपल्यासमोर काय उभे राहते? दारावरचे तोरण, रेडिओवर किंवा टीव्हीवर घातलेला रुमाल, ताटावरचे झाकण, आणि लग्नाच्या रुखवतात टाचण्या लावून मांडलेली पांढरी कमळे. या सगळ्या वस्तू सुंदर असतात यात शंका नाही. पण त्यांच्यावर भार पडत नाही. रुखवतातला रुमाल पुढे पेटीत जातो, तो पुढच्या मुलीच्या लग्नातच बाहेर येतो. क्रोशाने आपल्या घरात शोभेचे काम केले. ओझे उचलायचे काम त्याला कोणी दिले नाही. ते त्याला देता येते. त्यासाठी टाक्याच्या पोटात एक दोरी ठेवावी लागते, एवढेच.

ही कल्पना नवी नाही

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर रोग पडून भीषण दुष्काळ आला. त्या काळात कॉर्क, क्लोन्स अशा ठिकाणी क्रोशाची लेस विणून अनेक कुटुंबांनी पोट भरले. त्या आयरिश क्रोशातील फुले व पाने कापडावर उठून दिसतात. याचे कारण असे की त्या बायका जाड सुताचे काही पदर एकत्र धरत आणि त्यांच्यावरून टाके घालत. ते सूत आत झाकले जाई आणि पाकळीला फुगीरपणा येई. तेथे आतले सूत उठावासाठी होते. तेच सूत वाढवत वाढवत करंगळीएवढ्या दोरीपर्यंत नेले की उठाव मागे पडतो आणि बळ पुढे येते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर हे टोपली विणण्याचेच काम आहे. उत्तर प्रदेशात प्रयागराजच्या बाजूला मुंज गवताच्या आणि बिहारच्या मिथिलेत सिक्की गवताच्या टोपल्या करतात. तेथे गवताची जुडी चक्राकार गुंडाळत नेतात आणि प्रत्येक वेढा खालच्या वेढ्याला शिवतात. आपण गवताच्या जागी दोरी घ्यायची आणि शिवण्याच्या जागी क्रोशाचा टाका घालायचा. लेस आणि टोपली या दोन कलांची येथे गाठ पडते.

गाभ्यासाठी कोणती दोरी घ्यावी?

बेळगावच्या बाजारात दोऱ्या पुष्कळ मिळतात. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे आणि वस्तू ठरवून मगच दोरी घ्यावी.

सुती दोरी मऊ असते, हाताला टोचत नाही, रंगीत दोऱ्याआडून डोकावली तरी वाईट दिसत नाही. पण ती पहिल्या धुण्यात आखडते. म्हणून विणण्याआधी ती एकदा भिजवून, वाळवून घ्यावी. नाहीतर वस्तू धुतल्यावर आतला गाभा आखूड होतो आणि बाहेरचे टाके सुरकुततात.

तागाची सुतळी स्वस्त व ताठ. टोपलीला उत्तम. मात्र ओल तिला मानवत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, तागाची वस्तू मोरीजवळ ठेवली तर तिला बुरशी येते व ती कुजते.

काथ्याची दोरी, म्हणजे आपला सुंभ, नारळाच्या सोडणापासून होतो. कोकण-गोव्याकडून तो आपल्याकडे येतो. तो पाण्याला दाद देत नाही, पण खरखरीत असतो. पायपुसणे व चुंबळ यांना तो योग्य. पांढऱ्या दोऱ्याखाली मात्र घालू नये, ओला झाला की तपकिरी डाग पडतात.

अंबाडीचा वाख आता फारसा दिसत नाही. ज्या अंबाडीची आपण भाजी करतो आणि आपल्या कन्नड मैत्रिणी जिला 'पुंडी' म्हणतात, त्याच जातीच्या झाडाच्या सालीपासून तो निघतो. वाखाची दोरी मिळाली तर सोडू नये. तिच्यात तागाचा ताठपणा आहे.

नायलॉन व तत्सम दोऱ्या गुळगुळीत असतात. त्या टाक्यातून सरकतात आणि त्यांची टोके दडवणे कठीण जाते. शिवाय बाजारातील बऱ्याच स्वस्त रंगीत दोऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि ते सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते. तापलेला तवा याहून अधिक तापू शकतो. म्हणून गरम भांड्याखाली ठेवायच्या चकतीत, आत किंवा बाहेर, कृत्रिम धागा कधीही वापरू नये. तेथे सूत किंवा तागच हवा.

कृती

मी येथे जी मापे देते ती ६ मिलिमीटर जाडीची सुती दोरी, सुमारे २ मिलिमीटर जाडीचा सुती दोरा आणि ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई यांची आहेत. दोरा मनाजोगता बदलावा. पण मग मापे आपली आपण पुन्हा घ्यावीत.

या कामाला एकच टाका पुरतो, तो म्हणजे मुका खांब. सुई खालच्या टाक्यात घालून दोरा ओढून घेतला की सुईवर दोन फास होतात. पुन्हा दोरा घेऊन तो दोन्ही फासांतून एकदम काढला की मुका खांब झाला. दोरीवरून विणताना फरक एवढाच की गाभ्याची दोरी खालच्या फेऱ्याच्या माथ्यावर आडवी धरायची. सुई दोरीच्या खालून टाक्यात घालायची, दोरा घेऊन दोरीच्या मागून वर आणायचा आणि शेवटचा वेढा दोरीच्या वरून घेऊन टाका पुरा करायचा. दोरी आपोआप टाक्याच्या पोटात अडकते.

सुरुवात दोरीशिवाय करावी. एका लहान कड्यात १० मुके खांब घालून कडे आवळून घ्यावे. मग दोरीचे टोक घ्यावे, त्याचे पेड उलगडून प्रत्येक पेड थोड्या वेगळ्या लांबीवर कापावा. म्हणजे टोक उंदराच्या शेपटीसारखे निमुळते होते. हे टोक पहिल्या फेऱ्यावर ठेवून दुसरा फेरा सुरू करावा. फेरा पुरा झाला म्हणून जोडायचा नाही. नागमोडी न जाता, जिलबीच्या वेढ्यासारखे सलग पुढे जायचे. फेऱ्याची सुरुवात ओळखण्यासाठी तेथे वेगळ्या रंगाचा धागा अडकवून ठेवावा.

डाव्या हाताने दोरी सरळ धरावी, ओढू नये. दोरी ओढली की फेरा आत ओढला जातो. उलट, काम चालू असताना आकार बिघडतोय असे वाटले तर हेच गुण म्हणून वापरता येते: दोरीचे मोकळे टोक हलके ओढले की शेवटचा फेरा आवळतो, टाके बोटांनी सरकवले की सैल होतो. प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर काम टेबलावर सपाट ठेवून पाहावे.

दोरी संपली तर नवीन दोरीचे व जुन्या दोरीचे टोक दोन्ही निमुळती करून ५ सेंटिमीटर एकमेकांवर ठेवावीत, शिवणाच्या दोऱ्याने गुंडाळावीत आणि विणत पुढे जावे. चांगला जोड बोटाला लागत नाही.

वाढीचे गणित

येथे बहुतेकींचे काम अडते. साधा क्रोशाचा गोल रुमाल मुक्या खांबांनी करायचा तर प्रत्येक फेऱ्यात ६ टाके वाढवावेत, असे आपल्याला घरी शिकवलेले असते. दोरीवर विणताना तोच नियम लावला की तळ सपाट राहत नाही. त्याची बशी होते. मग मुली म्हणतात की हात घट्ट आहे, किंवा दोरी खराब आहे. हात आणि दोरी दोन्ही निर्दोष असतात. नियम कुठून आला ते पाहिले पाहिजे.

वर्तुळाचा परीघ २π गुणिले त्रिज्या. एक फेरा विणला की त्रिज्या टाक्याच्या उंचीएवढी वाढते. म्हणून परीघ २π गुणिले टाक्याची उंची इतका वाढतो. हा वाढलेला परीघ भरायला किती टाके लागतील? त्याला टाक्याच्या रुंदीने भागावे:

दर फेऱ्यातील वाढ = २π × टाक्याची उंची ÷ टाक्याची रुंदी

साध्या मुक्या खांबाची उंची व रुंदी जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे उत्तर २π म्हणजे सुमारे ६ येते. आजीला π ठाऊक नसेल, पण तिचा नियम बरोबर होता. दोरी आत आली की रुंदी तेवढीच राहते, उंची मात्र वाढते. माझ्या कामात टाक्याची रुंदी ५ मिलिमीटर व उंची ८ मिलिमीटर भरली. म्हणजे ६.२८ × ८ ÷ ५ = १०.०५. दर फेऱ्यात १० टाके वाढवायला हवेत. तसे वाढवले आणि तळ टेबलावर पानासारखा बसला.

याच सूत्रावरून उलटही समजते. वाढ कमी पडली तर कडा वर उचलतात आणि बशी होते. वाढ जास्त झाली तर कडेला झालर येते. वाढ अजिबात केली नाही तर भिंत सरळ उभी राहते. म्हणजे सपाट तळ, उतरती वाटी आणि उभी भिंत ही तीन वेगळी कामे नाहीत. एकाच आकड्याची तीन रूपे आहेत. ज्यांना हे समजले त्यांना कोणत्याही आकाराची वस्तू नमुना न पाहता करता येईल.

एक सूचना. दहा वाढी दर फेऱ्यात एकाखाली एक आल्या तर तळ गोल न होता दहा कोनांचा होतो. म्हणून प्रत्येक फेऱ्यात वाढीची जागा दोन-चार टाके पुढे सरकवावी.

बळ कुठून येते?

मुक्या खांबाचे दोन सारखे तुकडे विणा, एक साधा आणि एक दोरीवरून. दोन्ही टोकांना धरून आडवे ओढून पाहा. साधा तुकडा लगेच लांबतो. त्यातला दोरा ताणला जात नाही. फासांचा आकार बदलतो, गोल फास लांबट होतात. म्हणूनच क्रोशाची पिशवी भाजी भरली की गुडघ्यापर्यंत येते. दोरीवरचा तुकडा मात्र दोरीच्या दिशेने लांबत नाही, कारण आता ताण फासांवर न येता सरळ दोरीवर येतो. फासांना एकच काम उरते, ते म्हणजे शेजारचे दोन वेढे एकमेकांना धरून ठेवणे.

टोपलीत कांदे भरले की ते भिंतीला बाहेर रेटतात. त्या रेट्याला गोल फिरलेली दोरी अडवते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात ती हेच काम करते. चाकाच्या लाकडी पाट्या सुटू पाहतात, धाव त्यांना कवळून धरते. टोपलीच्या भिंतीत अशा पंधरा धावा एकावर एक बसलेल्या असतात असे समजावे.

आता ताठपणाचा विचार करू. भरीव दांडा घेतला तर त्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. दुप्पट जाडीचा दांडा सोळा पट ताठ. दोरीचे तसे नाही, कारण ती सुट्या तंतूंची जुडी आहे आणि वाकताना तंतू एकमेकांवरून सरकतात. पण त्याच दोरीभोवती टाके आवळून बसवले की तंतूंना सरकायला वाव राहत नाही, आणि मऊ दोरी दांड्यासारखी वागू लागते. यावरून एक व्यवहारी नियम निघतो: दोऱ्याला जी सुई सहसा वापराल तिच्याहून एक नंबर लहान सुई घ्या. टाके घट्ट बसतील, मनगटाला मात्र त्रास होईल. म्हणून अर्ध्या तासाने हात मोकळा करावा.

राहता राहिला पीळ. सुताचा किंवा काथ्याचा तंतू दोरीइतका लांब कधीच नसतो. आखूड तंतू एकापुढे एक ठेवले तर ओढताच सुटून जातील. पीळ दिल्यावर ते एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्यात घर्षण निर्माण होते, आणि दोरी जितकी ओढावी तितका हा दाब वाढतो. पेडाला एका दिशेने व दोरीला उलट दिशेने पीळ देतात, म्हणून दोन्ही पीळ एकमेकांना उलगडू देत नाहीत. सुंभाची सारी ताकद पिळात आहे, ती म्हणीत उगाच आलेली नाही.

तीन वस्तू

टोपली : १२ फेरे वाढीचे घालावेत. दर फेऱ्याला १० याप्रमाणे बाराव्या फेऱ्यात १२० टाके होतात व तळाचा व्यास सुमारे १९ सेंटिमीटर भरतो. त्यानंतर वाढ बंद करून १५ फेरे सरळ विणावेत, म्हणजे १२ सेंटिमीटर उंचीची भिंत उभी राहते. मुठी शेवटच्या दोन फेऱ्यांत काढाव्यात: ४४ टाके नेहमीप्रमाणे, मग खालच्या फेऱ्यात सुई न घालता नुसत्या दोरीवर २४ टाके, खालचे १६ टाके सोडून पुन्हा ४४, पुन्हा तसेच. पुढच्या फेऱ्यात मुठीवरूनही विणत जावे. मूठ वेगळी शिवलेली नसून गाभ्याचाच भाग असल्याने टोपली उचलली तरी ती उसवत नाही. शेवटी दोरीचे टोक निमुळते करून शेवटच्या १० टाक्यांत विरवून टाकावे.

गरम भांड्याची चकती : टोपलीचा तळ तोच, फक्त दोरी व दोरा दोन्ही सुती. १२ फेऱ्यांवर थांबावे. दोरीच्या वेढ्यांमध्ये हवा अडकून राहते, त्यामुळे टेबलाला झळ लागत नाही.

चुंबळ : डोक्यावर घागर घेताना किंवा गोल बुडाचा माठ टेकवताना लागणारी ही वस्तू. कन्नडमध्ये तिला 'सिंबी' म्हणतात. खानापूरच्या माठाला आज आपण लोखंडी तिवई घेतो, ती फरशी ओरखडते. त्याऐवजी काथ्याची दोरी दुपदरी घ्यावी, म्हणजे गाभा १२ मिलिमीटर जाड होतो. टोके निमुळती करून १४ सेंटिमीटर आतल्या व्यासाचे कडे करावे. परीघ ४४ सेंटिमीटर आणि जोडाला ६, अशी नुसत्या कड्याला ५० सेंटिमीटर दुपदरी दोरी लागते. कड्यावर ८८ मुके खांब भरावेत. त्यावर दोन फेरे आणखी, दर फेऱ्यात ८ टाके वाढवून. आपल्या सूत्राने पाहिले तर टाक्याची उंची १४ मिलिमीटर धरून सपाट होण्यासाठी १७-१८ टाके वाढवावे लागले असते व उभ्या भिंतीसाठी शून्य. ८ हा मधला आकडा घेतल्यामुळे चुंबळ वाटीसारखी उतरती होते आणि माठाचे बूड तिच्यात अलगद बसते. माठ आता एका बिंदूवर न टेकता पूर्ण कड्यावर टेकतो, त्यामुळे धक्का लागला तरी लवंडत नाही.

वस्तू मळल्या तर थंड पाण्यात साबण घालून धुवाव्यात, पिळू नयेत. टोपली एखाद्या डब्यावर उपडी घालून सावलीत वाळवली की आकार टिकतो. पावसाळ्यात उघडीप मिळाली की ऊन दाखवावे.

आता हिशेब

मी हे काम माझ्या आत्याकडून शिकले. ती खानापूर तालुक्यात राहते. तिच्या टोपल्या शहरातील एक दुकानदार घेऊन जातो. आत्या उत्तम विणते; π शिवाय तिचा तळ सपाट बसतो, हे मी सांगायला नको. गेल्या दिवाळीत मी तिला विचारले, "आत्या, एका टोपलीला तुला किती वेळ लागतो गं?" ती हसून म्हणाली, "बसल्या जाग्यावर करतो बघ, त्याचा कसला हिशेब?"

तो हिशेब मी केला. टोपलीच्या तळात ७८० टाके (१० पासून १२० पर्यंतची बेरीज) आणि भिंतीत १,८००, एकूण २,५८०. टाक्याची रुंदी अर्धा सेंटिमीटर, म्हणून दोरी लागते सुमारे १३ मीटर. दोऱ्यासाठी मी २० टाके विणून उसवले आणि मोजले; ९० सेंटिमीटर भरला, म्हणजे टाक्याला साडेचार. २,५८० टाक्यांना ११६ मीटर दोरा. हे दोन आकडे दुकानदारालाही ठाऊक असतात, कारण तो माल पुरवतो. तिसरा आकडा कोणी मोजत नाही. आत्याचा हात मिनिटाला १२ टाके घालतो. २,५८० भागिले १२ म्हणजे २१५ मिनिटे, तीन तास पस्तीस मिनिटे. मुठी, जोड, टोके दडवणे, आकार देणे यांना आणखी तासभर. एक टोपली म्हणजे साडेचार तास, आणि तेही चुलीपासून व गोठ्यापासून चोरलेले.

टोपलीमागे आत्याच्या हाती जे पडते त्याला साडेचारांनी भागले. तो आकडा येथे छापण्यासारखा नाही. आमच्या गावात भुईमूग काढायला जी रोजंदारी मिळते तिच्याहून तो कमी आहे, एवढे सांगते. आणि याच पैशांतून माझ्या पहिल्या वर्षाची परीक्षा फी भरली गेली आहे.

ही एकट्या आत्याची गोष्ट नाही. आंध्र प्रदेशात गोदावरीकाठी नरसापूर येथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस आणली. तेथील हजारो बायका घरी बसून लेस विणतात आणि ती परदेशी जाते. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. दिवसाचे कित्येक तास विणूनही या बायका कामगार गणल्या जात नाहीत, 'गृहिणी' गणल्या जातात. त्यांचे काम फावल्या वेळचे मानले जाते म्हणूनच त्याला इतका कमी मोबदला मिळतो, हे त्यांनी दाखवून दिले. नरसापूरच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गावाच्या नावाला मान मिळाला ही आनंदाची गोष्ट आहे. टाके घालणाऱ्या हाताचे तास मोजले जाणे अजून बाकी आहे.

'फावला वेळ' हा शब्द फार फसवा आहे. आत्याला फावला वेळ कधी असतो, हे मी तिच्या घरी राहून पाहिले आहे. तो नसतोच.

आणखी एक नाव या हिशेबात येत नाही, ते दोर वळणाऱ्याचे. आपल्या भागात मोटेचे नाडे, बैलांचे कासरे, घरातील शिंकी ही पिढ्यानपिढ्या मातंग समाजातील कुटुंबांनी वळली. आज दोरी कारखान्यातून येते, पण वाखाला पीळ कसा द्यायचा हे ज्ञान त्यांनी जपले. पाहुण्यांनी टोपली हातात घेतली की ते टाक्यांचे व रंगाचे कौतुक करतात. आत दोरी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती नीट झाकणे हेच चांगल्या कामाचे लक्षण मानले जाते. भार मात्र तीच उचलते.

माझी मैत्रिणींना एक विनंती आहे. स्नेहसंमेलनाच्या वेळी आपल्या महाविद्यालयात हस्तकलेचे प्रदर्शन भरते. यंदा प्रत्येक वस्तूखाली नावाबरोबर चार ओळी लिहाव्यात: दोरी किती, दोरा किती, टाके किती, तास किती. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा. आकडे दोघींचे सारखेच येतील. विकत घेणाऱ्याने घासाघीस करण्यापूर्वी ते वाचावेत. आणि ज्या मुली घरी आई, मावशी, अक्का यांच्याकडून विणकाम शिकत आहेत त्यांनी त्यांच्याजवळ एकदा घड्याळ ठेवून बसावे. एका मिनिटात त्यांचा हात किती टाके घालतो ते मोजावे आणि तो आकडा त्यांना सांगावा. त्यांना तो आजवर कोणी सांगितलेला नसेल.